तुम्ही विचारलेत म्हणून

"निसर्ग वादळात तुमची अख्खी सुपारीची वाडी आडवी झाली, तरी टीव्हीवर तुम्ही एवढे शांत कसे?" हा प्रश्न श्रीवर्धनच्या बाजारात आणि मुंबईच्या नातेवाइकांच्या फोनवर मला अजूनही ऐकावा लागतो. विचारण्यात कौतुकच असते, म्हणून आजवर हसून वेळ मारून नेली.

मी शांत नव्हतो. ३ जून २०२०च्या वादळानंतर वृत्तवाहिनीची माणसे आली, तेव्हा मी वडिलांनी लावलेल्या पोफळींमध्ये उभा होतो. मधोमध मोडलेली पोफळ पुन्हा फुटत नाही आणि नवे रोप सुपारी धरायला पाच-सात वर्षे घेते, हे सांगता सांगता मला हुंदका आवरेना. प्रतिनिधी तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. "काका, पाणी प्या, मग पुन्हा बोलू," असे म्हणून त्याने कॅमेरा पडवीकडे वळवला. तिथे माझी पत्नी फुटक्या कौलांतून धड कौले निवडत होती. तिने नुकसानीचा आकडा नीट सांगितला, पण "तेव्हा काय वाटलं, वहिनी?" हे तो इतक्या वेळा विचारत राहिला की अखेर तिने पदर डोळ्यांना लावला. रात्री बातमीत ती रडत होती, मी "पुन्हा उभे राहू" म्हणत होतो आणि खाली पट्टी होती : 'कोकणी माणूस खचला नाही'. पुढे हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली; माझ्या दहा गुंठ्यांना त्या हिशेबाने ५,००० येतात. न खचलेल्या माणसाला तेवढे पुरत असावेत.

मग दुसऱ्यांदा बोलताना मी सावरलो कशाला? मला कोणी दटावले नव्हते. तेव्हाचा मी म्हणतो की चार परक्या माणसांसमोर, मुलादेखत रडणे बरे दिसत नाही. त्याच्याशी मी भांडतो, पण त्याचे सगळेच खोटे आहे असे म्हणवत नाही. मालिकांतला कोकणी पुरुष दारूत बुडालेला, भावकीशी कोर्टात भांडणारा किंवा भुताच्या भीतीने पळणारा असतो. त्याचा मला फारसा राग नाही (भावकीचे दावे आमच्याकडे आहेतच), कारण त्या विनोदी गड्याला निदान घाबरण्याची मुभा असते. तळकोकणातल्या दशावतारात तर लुगडे नेसलेला पुरुष धाय मोकलून रडतो आणि समोर बसलेले बाप्येही डोळे पुसतात. ही मुभा कौतुकाच्या पट्टीखाली उभ्या असलेल्या माणसाला मिळत नाही.

पत्नीला मात्र माझी ही तक्रार चैनीची वाटते. ती म्हणते, "तुम्हाला निदान धीराचे दाखवले, मला अजून येता-जाता बिचारी म्हणतात." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही.