टोमॅटोचं काळं बूड आणि कॅल्शियम: तिसऱ्या हंगामाची नोंद

मागच्या हिवाळ्यात गच्चीवर ४१ टोमॅटो धरले, त्यातले १७ बूड काळं पडून फेकावे लागले. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं. तेव्हाच ठरवलं होतं की या वर्षी अंदाजपंचे काही टाकायचं नाही, प्रत्येक पिशवीवर खडूने नंबर घालायचा आणि वहीत लिहायचं. वही आता भरत आली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझी बाग दोन ठिकाणी आहे. एक इंदूरमध्ये लोकमान्य नगरला घराच्या गच्चीवर: ग्रो बॅग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत. दुसरी खंडवा रोडकडे नात्यातल्या एका घराच्या शेताच्या कडेला मिळालेले चार वाफे, अस्सल माळव्याची काळी माती. रासायनिक खत दोन्हीकडे नाही. या दोन जागांना कॅल्शियमच्या बाबतीत एकच औषध लावलं, ही माझी पहिल्या दोन वर्षांतली चूक होती.

आधी काळ्या मातीचं. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे सरकारी माती तपासणीच्या अहवालात, बारा गोष्टी तपासून मिळतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (pH), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅल्शियम त्यात नाही. मला वाटलं, नाही म्हणजे आपणच घालायला हवं. चुन्याची डबी सगळ्यांच्या घरी असते, मी तर दोन किलो विझवलेला चुनाच आणून मिरचीच्या वाफ्यात मिसळला. तीन आठवड्यांत शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. मातीत लोह होतंच, पण सामू ८.१ असलेल्या जमिनीत मी चुना घातला, आणि होतं ते लोहही मुळांना मिळेनासं झालं. ती मिरची पूर्ण हंगाम खुरटलेलीच राहिली. त्या रोपांकडे बघताना अजून वाईट वाटतं, कारण पत्रिकेवर सामूचा आकडा डोळ्यांसमोर छापलेला होता.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. त्या दगडातच कॅल्शियम भरपूर असतं आणि चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात. शेतावर वाफा खणताना हरभऱ्याएवढे पांढरे खडे सापडतात, ती चुनखडीच. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकून कान जवळ न्या. माझ्या वाफ्यातल्या मातीतून बारीक चुरचुर ऐकू येते आणि कडेला फेस धरतो. ज्या मातीतून असा आवाज येतो, तिला चुना देऊ नका, राखही देऊ नका. शेतावर राखण करणारे दाजी (माळव्यात वडीलधाऱ्या माणसाला दाजीच म्हणतात) चुलीची राख वांग्यांच्या बुंध्याशी टाकायचे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग राख टाकायची कुठे?" उत्तर आपल्या शहरातच होतं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते, आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून कंपोस्टची जी इंदूर पद्धत मांडली, त्यात काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांच्याबरोबर लाकडाची राख ढिगात घालतात. कुजताना ढीग आंबट होतो, तो आंबटपणा राखेतल्या क्षारांनी उतरतो आणि सूक्ष्मजीवांचं काम नीट चालतं. आता दाजींची राख ढिगात जाते, थरावर मूठ-मूठ. जगभर कंपोस्टच्या पुस्तकांत ज्या शहराचं नाव आहे, तिथे राहून मी ही पद्धत इतक्या उशिरा समजून घेतली.

आता अंड्याची टरफलं, ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. आमच्या घरात अंडी येत नाहीत. नाक्यावर आम्लेटची गाडी लावणाऱ्या भैयांनी आठवडाभराची टरफलं पिशवीत भरून दिली. आईंना वास नको म्हणून मी ती गच्चीवरच धुतली, वाळवली आणि जुन्या तव्यावर तांबूस होईपर्यंत परतली. टरफल म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लात विरघळतं. सामू आठच्या मातीत वर्षभर पडलं तरी तसंच राहतं. मागच्या वर्षी पुरलेले तुकडे या जूनमध्ये खणताना कडा धारदार असलेलेच निघाले.

म्हणून व्हिनेगरमध्ये टाकून बघितलं. अर्धा लिटर व्हिनेगर, ५० ग्रॅम टरफलांचा चुरा, काचेची बरणी, झाकण सैल. चुरा बुडबुडे चिकटून वर येतो, बुडबुडा फुटला की गिरक्या घेत खाली जातो, परत वर येतो. दोन दिवस हे चालतं, बघत बसावंसं वाटतं. दहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, पण तळाशी बराच चुरा शिल्लक. तेव्हा हिशेब मांडला. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ४ टक्के अॅसिटिक आम्ल असतं. तेवढं आम्ल लिटरमागे साधारण ३३ ग्रॅमच टरफल विरघळवू शकतं, आणि त्यातून कॅल्शियम मिळतं १३ ग्रॅम. हे द्रावण लिटरभर पाण्यात १ मिली टाकून फवारा असं सगळीकडे सांगतात. म्हणजे लिटरमागे १३ मिलिग्रॅम कॅल्शियम. मी घरच्या किटने शेतावरच्या बोरिंगचं पाणी तपासलं, तर त्यात लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास निघालं! आपण घालतो त्याच्या सात-आठपट कॅल्शियम नुसत्या पाण्यातून जातं. शिवाय पानावर फवारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळाकडे उतरत नाही. मी ही बरणी बंद केली. टरफलं थेट कंपोस्टमध्ये टाकते, बारीक पूड करून.

गच्चीवरची गोष्ट अगदी वेगळी आहे. कोकोपीटच्या कणांवर पोटॅशियम आणि सोडियम बसलेलं असतं. आपण कॅल्शियम दिलं की कोकोपीट ते धरतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं. रोपाला मिळायचं ते माध्यमच खाऊन टाकतं. त्यात केळीच्या सालींचं पाणी आणि राखेची मूठ पडली तर पोटॅशियम आणखी वाढतं आणि मुळांना कॅल्शियम घेणं अवघड होतं. हे सगळं मी करत होते.

उपाय जिप्सम, खाणीतून निघणारं खनिज. त्यात साधारण २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के गंधक असतं, आणि सामू फारसा हलत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून मी २ ग्रॅमच्या वर जात नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट आधी दोनदा धुऊन घेतली, मग २० लिटरच्या दोन बादल्या जिप्समच्या पाण्यात रात्रंदिवस भिजवली आणि निथळली. जिप्सम खाणीतलं घ्या, राजस्थानातलं सहज मिळतं. खत कारखान्यातून निघणारं फॉस्फोजिप्सम सेंद्रिय शेतीत नको, आणि हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टर तर नकोच.

पण नुसत्या जिप्समने काम झालं नाही. कॅल्शियम मुळापासून वर जातं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि तो प्रवाह जिथून बाष्प उडतं तिकडे जास्त वाहतो. पानांतून खूप उडतं, फळातून जवळजवळ नाही. पाण्याचा एक खंड पडला की उरलेलं पाणी पानं ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. नळ आला की मी पाइप लावून पिशव्या चिंब करायची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या हाताला हलक्या लागायच्या. दोन वर्षं नळाचं वेळापत्रक माझ्या टोमॅटोंच्या बुडावर उमटत होतं आणि मी टरफलं भाजत होते.

म्हणून या वर्षी २०० लिटरचा ड्रम विटांवर चढवला, त्याला ठिबकच्या नळ्या, रोज सकाळी थोडं थोडं पाणी, वर उसाच्या चिपाडाचं आच्छादन. आठ पिशव्या, दोन-दोनचे चार गट. जिप्सम नाही, पाणी दिवसाआड: ३६ फळांत १६ काळी. जिप्सम आहे, पाणी दिवसाआड: ३८ मध्ये ९. जिप्सम नाही, पाणी रोज: ३५ मध्ये ५. दोन्ही: ४० मध्ये १. दोन पिशव्यांवरून फार मोठं काही म्हणता येणार नाही, पण माझ्यासाठी पाण्याने जिप्समपेक्षा जास्त काम केलं. आणखी एक दिसलं: पहिल्या घोसातली फळंच जास्त गेली, आणि डाग दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. फळ धरल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, ते झपाट्याने फुगतं तेव्हाच काय ते ठरतं.

भुईमुगाचं राहिलं, आणि मला सगळ्यात आनंद तिथे झाला. भुईमुगाच्या शेंगेला मुळाकडून कॅल्शियम मिळत नाही, कारण मातीत गाडलेल्या शेंगेतून बाष्प उडत नाही. ती सालीतून, भोवतालच्या मातीतूनच ते घेते. म्हणून आऱ्या (फुलानंतर मातीत शिरणारे शेंगेचे देठ) सुटायच्या वेळी वरच्या दोन-तीन इंचांत कॅल्शियम हवं. हेक्टरी ४०० किलो जिप्सम म्हणजे चौरस मीटरला ४० ग्रॅम. मी जूनअखेर पेरलं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आऱ्या दिसल्यावर गच्चीच्या चार पिशव्यांपैकी दोनमध्ये, आणि शेतावर अर्ध्या वाफ्यात दिलं. ऑक्टोबरमध्ये उपटलं. शेतावर दोन्ही अर्ध्यांत शेंगा सारख्याच भरलेल्या, काळ्या मातीत आधीच भरपूर असल्यामुळे. गच्चीवर मात्र बिनजिप्समच्या पिशवीतली शेंग अंगठ्याने दाबली की सरळ चपटी व्हायची. पंचवीस शेंगा फोडल्या, अकरा पोचट. जिप्समवाल्या पिशवीतल्या पंचवीसांत तीन. आईंनी त्याच शेंगा उकडून मीठ घालून दिल्या आणि पोचट शेंगांचा वाडगा मुद्दाम वेगळा ठेवला, मला मोजता याव्यात म्हणून.

पुढच्या हंगामासाठी प्रश्न एकच आहे. हेच कोकोपीट दुसऱ्यांदा वापरायचं, तर जिप्समची भिजवण परत पूर्ण द्यायची की अर्धी? चार पिशव्या पूर्ण आणि चार अर्ध्या अशा मांडल्या आहेत, उन्हाळी भेंडी आणि मिरचीसाठी. कुणी जुनं कोकोपीट वापरून मिरचीची बुडं मोजली असतील, तर आकड्यांसकट सांगा. माझ्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवर त्यासाठी रकाने आखून ठेवले आहेत.