वांग्यावरचा दोरा आणि साडेसतरा तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि जळगाव ते मुंबई रेल्वेने अवघे ४२०. तरीही आईला आणि मला खरे शिणवले ते या दुसऱ्या अंतराने. यावलचे घर आम्ही सकाळी आठला सोडले आणि विमानाने जमीन सोडली रात्री दीडला, म्हणजे साडेसतरा तासांनी. जळगावला विमानतळ आहे, परंतु आमच्या वाराला मुंबईचे विमान नव्हते. गाडी इगतपुरीच्या अलीकडे दीड तास उभी राहिली, कल्याणहून टॅक्सी रांगत गेली आणि पुढे तीन तास तपासणीच्या रांगांत गेले. त्यामानाने पावणेसोळा तासांचे उड्डाण मला आखूडच वाटले.

निघण्यापूर्वी भाच्याने विचारले होते की, अमेरिका पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे का वळते. नकाशा सपाट असल्याने तो फसवतो, हे तोंडी सांगून त्याला पटेना. तेव्हा आईने भरितासाठी आणलेले गोलसर वांगे पुढे केले. पेनाने त्यावर दोन ठिपके दिले आणि शिवणाचा दोरा ताणून धरला, तसा तो आपोआप वर, देठाकडे सरकला. पृथ्वीवरही मुंबई-न्यूयॉर्कची सर्वांत जवळची रेषा अशीच वर सरकून उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडी खालून जाते. भाच्याचे समाधान झाले आणि रात्री दोन्ही शहरे चुलीवर भाजली गेली.

प्रत्यक्षात मात्र विमान दोऱ्याप्रमाणे जात नाही. कोणत्या देशांचे आकाश खुले आहे आणि वारे कसे आहेत, यावर मार्ग ठरतो. ताशी नऊशे किलोमीटरच्या हिशेबाने जे अंतर चौदा तासांत संपावे, त्याला दोन तास अधिक लागतात ते वळशामुळे आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे. परतताना तेच पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून उड्डाण बरेच लवकर आटोपते.

उतरलो तेव्हा तिथे सकाळचे पावणेसात वाजले होते आणि तारीखही तीच होती. आईने मनगटावरचे घड्याळ पाहिले, भिंतीवरचे पाहिले आणि म्हणाली, "दीडला निघालो आणि पावणेसातला पोचलो? मग सव्वापाचच तास झाले की! बाकीचे साडेदहा कुठे गेले?" हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, हे मी समजावले. तिने मान डोलावली, पण ते तास कुणीतरी परत केले पाहिजेत, असा तिचा चेहरा होता.

महिनाभर बहिणीकडे राहिलो. त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही, थंडी फार होती. परतताना ते साडेदहा तास वसूल झाले आणि मुंबईत उतरलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. जळगावची गाडी तीन तास उशिरा येणार असल्याची घोषणा झाली, तेव्हा बाकावर बसलेल्या आईने विचारले, "तेवढ्यात विमान कुठवर गेलं असतं रे?" मी सांगितले, "सत्तावीसशे किलोमीटर." ती म्हणाली, "मग चहा तरी घेऊन ये."