बाईंचं चंचुपात्र

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं पत्र आलं. लिहायला बसले की बाईच समोर यायच्या, दुसरं काही सुचेना. आठ दिवसांनी ठरवलं, बाईंवरच लिहायचं. त्यांचं नाव घालायची गरज नाही. आपल्या शाळेत बाकीच्यांना आडनावानं हाक मारायचे, नुसतं ‘बाई’ म्हटलं की विज्ञानाच्या बाई.

१९८८ साल, आठवी ब. माझ्या मानेत गाठ आली, तपासणीत ती क्षयाची निघाली. गाठीचा क्षय एकापासून दुसऱ्याला होत नाही, पण ‘टीबी’ हा शब्द वर्गात पोचला आणि माझ्या बाकावरच्या दोघी मागे जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बाई आपलं स्टूल घेऊन माझ्या बाकाशेजारी बसल्या आणि तिथूनच त्यांनी तास घेतला. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. आठवड्याभरात दोघी परत आल्या.

औषध रिकाम्या पोटी घ्यायचं आणि तासाभरानं खायचं, असं होतं. शाळा सकाळची, त्यामुळे खायची वेळ नेमकी पहिल्या तासात यायची. प्रार्थनेतच मला गरगरायला लागायचं. बाईंनी सांगितलं, ‘प्रार्थना झाली की सरळ प्रयोगशाळेत यायचं. डबा संपवायचा, मगच वर्ग.’ कौलारू इमारतीतली शेवटची खोली, विहिरीकडची खिडकी, स्पिरिटचा वास. बाई वह्या तपासायच्या आणि मी दगडी ओट्यावर डबा उघडून पोळी-भाजी खायचे. उपचार संपेपर्यंत हा नेम एक दिवस चुकला नाही.

तिथेच ती गोष्ट घडली. औषध सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. लघवी केशरी झालेली दिसली. मला वाटलं, रक्त पडतंय, आता आपण जगत नाही. आईला सांगायचा धीर होईना. प्रयोगशाळेत रडायला लागले तर डोळे पुसलेल्या पांढऱ्या रुमालावरही पिवळसर केशरी डाग! बाईंनी रुमाल हातात घेतला, खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाल्या, ‘मला माहीत नाही. उद्या विचारून सांगते.’ ‘मला माहीत नाही’ हे शिक्षकाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडून एक फुटलेली कॅप्सूल घेऊन आल्या. चंचुपात्रात पाणी घेतलं, त्यात विटकरी रंगाची चिमूटभर पूड टाकली आणि ढवळली. पाणी केशरी झालं. रुमाल शेजारी धरला. ‘हे रक्त नव्हे गं. तुझं औषधच आहे. आत जाऊन काम करून बाहेर निघालंय.’

मी विचारलं, ‘जसं आत गेलं तसंच बाहेर येतं का?’

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. ‘ते तू शोध आणि मला सांग.’

पुढे मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, पीएच.डी. केली, आणि आज वीस वर्षांहून जास्त काळ हेच शोधते आहे. औषधाचा रेणू यकृताच्या पेशींसोबत ३७ अंशांवर ठेवायचा, ठरावीक वेळानं नमुना काढायचा आणि रेणूचं वजन किती बदललं ते पाहायचं. १६ नं वाढलं तर बहुधा ऑक्सिजन चिकटलाय, ४२ नं वाढलं तर अ‍ॅसिटिल नावाचा अणूंचा छोटा गट.

बाईंच्या चंचुपात्रातलं औषध होतं रिफाम्पिसिन. १९५७ साली इटलीत मिलानच्या प्रयोगशाळेत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून त्याचा पूर्वज मिळाला. तो तोंडावाटे घेऊन उपयोग नव्हता. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी रेणूत एकामागून एक बदल केले, तेव्हा कुठे गिळायचं औषध हाती आलं. रेणू मोठा, वजन ८२३. मध्ये नॅफ्थलीनसारखी जोडकडी आणि तिच्यावरून टोपलीच्या कडीसारखी वळलेली लांब साखळी. माझ्या रुमालावरचा रंग त्या जोडकडीचा. यकृत त्यातला अ‍ॅसिटिल गट काढून घेतं, वजन ७८१ वर येतं, तरी ते जंतूंवर काम करतच राहतं. म्हणजे बाई, काही तसंच बाहेर येतं आणि काही रूप बदलून.

त्याच्यासोबत मला दिलेलं क्षयाचं दुसरं औषध, आयसोनियाझिड, नेमकं उलट. छोटासा रेणू, वजन १३७. यकृत त्याला अ‍ॅसिटिल गट लावतं, वजन १७९ होतं आणि औषध निकामी होतं. हे काम कुणाचं यकृत झपाट्यानं करतं, कुणाचं सावकाश, आणि ते जन्मतःच ठरलेलं असतं. सावकाश करणाऱ्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे त्यांना हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास अधिक. तेव्हा रात्री माझे पाय मुंग्यांनी भरून जायचे आणि डॉक्टरांनी बी-६ जीवनसत्त्वाची गोळी वाढवली होती. त्याचा अर्थ मला एम.फार्म.च्या वर्गात कळला आणि त्या रात्री मी बाईंना चार पानी पत्र लिहिलं.

मागच्या वर्षी शाळेत गेले होते. विहिरीकडच्या त्या खोलीत आता संगणक कक्ष आहे. संगणक हवेतच. पण दगडी ओटे उखडले, काचसामान पेटीत बंद झालं, आणि मुलं प्रयोग पडद्यावर बघून वहीत उतरवतात, हे मला फार लागलं. पाण्यात विरघळणारा रंग डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय मला तो प्रश्न पडलाच नसता. प्रयोगशाळा पुन्हा उभी करायला माजी विद्यार्थी संघ पुढे येणार असेल तर पहिली वर्गणी माझी धरावी.

त्याच फेरीत बाईंकडे गेले. ऐंशी ओलांडलीय, अँजिओप्लास्टी झालीय. बिस्किटांच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यासमोर मांडली आणि म्हणाल्या, ‘आता हिचं आत काय होतं ते सांग.’ ती क्लोपिडोग्रेल होती. शेजारीच पित्तासाठी दुकानातून आपणहून आणलेलं ओमेप्राझोल. मी सांगितलं की क्लोपिडोग्रेल मुळात निष्क्रिय असतं. यकृतातली विकरं (एन्झाइम) दोन पायऱ्यांत त्याचं रूप बदलतात, तेव्हा ते रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. त्यातल्याच एका विकराला ओमेप्राझोल अडवतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ओमेप्राझोल बंद करून पित्तासाठी त्याऐवजी पँटोप्राझोल दिलं.

बाईंचं समाधान झालं नव्हतं. ‘पण एखाद्याकडे ते विकर जन्मतःच मंद असेल तर?’

‘असतात बाई, अशी माणसं असतात.’

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, सरलेल्या महिन्याचं पान फाडून उलटं केलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. ‘काढून दाखव.’