मस्टँगचं तिसरं पेडल

गेल्या शनिवारी गाडी पहिल्यांदा पाचव्या गिअरमध्ये गेली. आय-७५ हायवेवर, ताशी सत्तर मैलांना. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि क्षणभर मला वाटलं, झालं, बंद पडली. काट्याकडे बघितलं तर वेग तोच. मग मी एकटाच गाडीत मोठ्यानं हसलो. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी बघितलं. बघू देत.

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग. कूपे, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, आणि त्याच्या मागे फोर्डचा तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. म्हणजे होता. या उन्हाळ्यात तो काढून मी पाच गिअरचा मॅन्युअल बसवला. सहा वर्षांपूर्वी घेतली तेव्हा सगळ्यात आधी खाली झोपून पत्रा बघितला होता, कारण आमच्या मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि इथली जुनी गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खालून पापड असते. हिचा पत्रा धड होता. गिअरबॉक्स मात्र तेव्हापासूनच थकलेला. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन उगाच ओरडायचं आणि गाडी मागून रमतगमत यायची. गराजच्या फरशीवर रोज सकाळी लाल तेलाचा ताजा डाग.

सी-४ वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उघडून नव्या क्लच प्लेटी टाकल्या असत्या तर अजून तीस वर्षं चालला असता, आणि खर्चही कमी आला असता. पण तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक, इंजिनाची एक फेरी तर शाफ्टचीही एकच. मागचा अ‍ॅक्सल ३.००चा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या तीन. सत्तर मैलांना इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्या मारणार, आणि तासभर तो आवाज ऐकला की बायको कानात कापूस घालणार. त्यात मी कोल्हापुरात मामाच्या जीपवर गाडी शिकलेला माणूस. डावा पाय नुसता ठेवून द्यायचा म्हणजे जेवताना एक हात पाठीमागे बांधल्यासारखं वाटायचं.

या गाडीला मॅन्युअल परकं नाही. १९६६ साली तीन गिअरचा मॅन्युअलच मूळ किमतीत यायचा, चार गिअरचा जास्त पैसे दिले की मिळायचा. तो चार गिअरचा, ज्याला इथले लोक टॉपलोडर म्हणतात, दणकट खरा, पण त्याचाही टॉप एकास एक. म्हणजे हायवेवर आवाज तोच. म्हणून मी टी-५ शोधला. बोर्ग-वॉर्नर कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स, १९८३पासून व्ही-८ मस्टँगमध्ये यायला लागला. पाचवा ०.६८, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाची ०.६८. गणित केलं तर सत्तर मैलांना २८००च्या जागी १९०० फेऱ्या. मला एका अपघातातल्या १९९१च्या गाडीचा मिळाला. बॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं घंटेच्या आकाराचं आवरण), क्लच, फ्लायव्हील (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, मागच्या टोकावरची जड चकती), सगळं एकत्र. विकणारा म्हणाला, "स्मॉल ब्लॉक आहे ना? मग सगळं बसतं." (स्मॉल ब्लॉक म्हणजे फोर्डची लहान व्ही-८ इंजिनं, माझं २८९ त्यातलंच.) बसतं, यात खोटं काही नव्हतं. त्याबद्दल पुढे.

नव्यानं हे करू बघणाऱ्यांना एकच सांगतो. गिअरबॉक्स हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. तो चार बोल्टांवर लटकतो. त्याच्या आजूबाजूचं जे जे बदलावं लागतं, त्यात उन्हाळा जातो.

पेडलचंच घ्या. ऑटोमॅटिक गाडीला ब्रेकचं पेडल ताटाएवढं रुंद. ते काढून मॅन्युअल गाडीची जोडी बसवायची तर डॅशबोर्डखाली पाठ सिलवर, पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं जिथे एरवी बूट असतात तिथे, अशा आसनात काम करावं लागतं. माझं वय बावन्न. बायकोनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर बहिणीनं लिहिलं, "दादाला कुणीतरी बाहेर काढा." क्लचला मी केबल लावली, कारण त्या १९९१च्या गाडीच्या बेल हाउसिंगमध्ये केबलचाच फोर्क होता. मूळ दांड्यांची जोडणीही लावता येते, पण एक्झॉस्टच्या गर्दीत ती बसवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

मग क्रँकच्या टोकाचं बुश. ऑटोमॅटिक गाडीत ते नसतंच, कारण तिथे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकत नाही. मॅन्युअलला ते लागतं. ब्राँझचं, अंगठ्याएवढं, तेल प्यायलेलं. हातोड्यानं ठोकत बसलं तर तोंड फाटतं. म्हणून मामानं सांगितलेली युक्ती केली. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी काढून क्रँकच्या भोकावर धरलं, लाकडाच्या तुकड्यानं दोन टिचक्या मारल्या आणि ते असं आत गेलं की जणू तिथेच जन्मलं होतं. आदल्या रात्री बायकोनं फ्रीजर उघडून विचारलं होतं, "पुरणपोळ्यांच्या डब्यावर हे काय ठेवलंयस?" पिशवीत गुंडाळलेलं होतं, तरी ऐकून घ्यावं लागलं.

मामा म्हणजे माझा धाकटा मामा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचा लेथ आहे. आता वय बाहत्तर, तरी सकाळी आठला शटर वर. आमच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे उन्हाळाभर आमचं रोज बोलणं झालं. मी फोन गराजच्या शेल्फवर टेकवायचो आणि तो तिकडून चहा पीत बघायचा. बेल हाउसिंगला मोजायचा काट्याचा डायल लावताना तर त्यानं मला हलूच दिलं नाही. बेल हाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळलं पाहिजे. नाही तर इनपुट शाफ्ट कायम तिरका फिरतो आणि बेअरिंग खातो. पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, आत काटा फिरला पाहिजे. माझा नऊवर गेला.

"पुन्हा फिरव," मामा म्हणाला.

पुन्हा नऊ.

"मग पिना बदल. मधोमध नसलेल्या पिना मिळत असतील की तिकडं."

मिळतात. केंद्र सरकवलेल्या डॉवेल पिना. त्या घालून, फिरवून फिरवून, चारवर आणला. दोन संध्याकाळी गेल्या. इथे बरेच जण हे न मोजताच बोल्ट आवळतात आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्सला शिव्या घालतात.

बाकीचं भराभर सांगतो. मागच्या आधाराचा क्रॉसमेंबर नवा घ्यावा लागला. प्रोपेलर शाफ्टचं पुढचं तोंड दोन्ही बॉक्सना चालतं, २८ दातांचंच, त्यामुळे तो खर्च वाचला. स्पीडोमीटरची केबल जुनीच लागली. गिअरच्या दांड्यासाठी दोन सीटांमधल्या बोगद्याचा पत्रा जेमतेम एक सूत कापला. पहिल्या दिवशी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. अर्धा तास बॅटरी, स्टार्टर बघितल्यावर आठवलं, ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच असतो. तो जुन्या बॉक्सबरोबर गेला होता आणि त्याच्या दोन तारा लोंबकळत होत्या. जोडल्या. गाडी सुरू झाली.

आणि थरथरायला लागली.

आधी वाटलं, सात आठवडे उभी होती, बसेल आपोआप. पण जसजशी रेस वाढवावी तसतसा आरसा धूसर होत जायचा. अडीच हजारांच्या पुढे तर दात वाजायचे. मी इंजिनाचे माउंट बघितले, शाफ्टचे क्रॉस बघितले, बोल्ट पुन्हा आवळले. शेजारी फोर्डमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते कॉफीचा मग घेऊन आले, दोन मिनिटं ऐकलं, "हं," म्हणाले आणि परत गेले. आता कळतं की त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला स्वतःला सापडू दे म्हणून गप्प बसले असावेत. किंवा कॉफी संपली असेल.

रात्री मामाला फोन लावला.

"उभ्या उभ्या थरथरतीय का पळताना?"

"उभ्या उभ्यापण."

"मग शाफ्ट न्हवं. क्लच दाब आणि रेस कर. थांबतीय?"

"नाही थांबत."

"मग गिअरबॉक्स पण न्हवं. आता काय फिरायचं राहिलं?"

मी म्हटलं, "इंजिन. फ्लायव्हील. प्रेशर प्लेट."

"इंजिन आदी थरथरत हुतं?"

"नाही."

"मग काय बदललंस त्यो बघ की. मला कशाला इचारतोस?"

चहाचा घोट. बस्स. अख्ख्या रविवारात मला जे जमलं नव्हतं ते मामानं चार प्रश्नांत, तेरा हजार किलोमीटरांवरून केलं.

झालं होतं असं. फोर्डच्या या इंजिनांचा क्रँक स्वतःपुरता पूर्ण तोललेला नसतो. राहिलेला तोल क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डँपर नावाच्या चकतीवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम एका बाजूला वजन ठेवून साधलेला असतो. जुन्या इंजिनांना, म्हणजे माझ्या २८९ला, ते वजन २८ औंस-इंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डनं क्रँक बदलला आणि ते ५० केलं. १९९१च्या गाडीचं फ्लायव्हील माझ्या क्रँकवर अगदी बरोबर बसतं. बोल्टांची भोकं तीच, दात तेवढेच, १५७. फक्त एका कडेला बावीस औंस-इंचाचं वजन जास्त. म्हणजे मध्यापासून एक इंचावर सव्वासहाशे ग्रॅमचा दगड बांधून फिरवल्यासारखं. कागदावर गणित केलं तेव्हा तीन हजार फेऱ्यांना दीडशे किलोहून जास्त ओढ निघाली. सेकंदाला पन्नास वेळा, गोल गोल. आरसा धूसर होईल नाही तर काय.

हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. त्याचाच जास्त राग आला. सात आठवड्यांपूर्वी फ्लायव्हील हातात होतं, घासून पुसून स्वच्छ केलं, पृष्ठभागावर पट्टी धरून सरळ आहे का बघितलं, मागच्या बाजूच्या वजनाकडे बघून "वा, काय जाड ओतलंय," असं मनातल्या मनात म्हटलंही होतं.

सगळं पुन्हा खाली. गाडी लोखंडी घोड्यांवर, शाफ्ट बाहेर, टी-५ बाहेर. हा बॉक्स पस्तीस किलोच्या आसपास आहे, छातीवर घेऊन सरकवता येतो असं तरुण मंडळी सांगतात. मी जॅक वापरला. मामा म्हणाला, "फेकू नगंस, हिकडं पाठीव, लेथवर चढवून जादाचं वजन काढून देतो." टपालखर्चात दोन नवी आली असती. २८चं नवं मागवलं. येईपर्यंत चार दिवस गाडी तशीच हवेत, आणि मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्या पोटाकडे बघून यायचो. बसवायला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली अर्धी इंजिन आणि बेल हाउसिंगच्या मधली पत्र्याची प्लेट शोधण्यात गेली. ती मी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यापुढे मुलीची सायकल.

नवं फ्लायव्हील बसल्यावर इंजिन सुरू केलं आणि काही झालं नाही. म्हणजे काहीच झालं नाही. नुसतं चाललं.

आता एका गोष्टीवर मी मामाचं ऐकलेलं नाही. त्याच्या मते मॅन्युअल गिअरबॉक्सात नव्वद नंबरचं ऑइल पडलं पाहिजे. त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येक जीपला, अँबेसेडरला, टेम्पोला तेच पडलं. पण १९८५नंतरच्या या टी-५मध्ये सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, कड्यांना आतून वेगळं अस्तर असतं आणि बेअरिंगं सुईची. त्याला ऑटोमॅटिकचं पातळ लाल तेलच लागतं. जाड तेल टाकलं तर थंडीत गिअर पडायला नखरे करतो आणि अस्तरही खराब होतं. बाजूच्या प्लगमधून ओतत राहायचं, बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं, अडीच-पावणेतीन लिटर. गंमत अशी की ऑटोमॅटिक काढला आणि त्याच्या डब्यातलंच उरलेलं तेल नव्यात टाकलं.

सी-४ फेकलेला नाही. तोंडं बंद करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाकाखाली ठेवलाय, जुन्या पेडलसकट. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर दोन शनिवारांचं काम. पत्र्याचा तो एक सूत सोडला तर काही कापलेलं नाही. ५०चं फ्लायव्हील गराजचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलंय.

मुलगी सतरा वर्षांची. परवा शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिला बसवलं. सहा वेळा बंद पाडली, सातव्यांदा हलली. तिसरा गिअर पडल्यावर विचारलं, "बाबा, हे रोज लोक करतात?" मी म्हटलं, तुझा आजोबा घाटात करायचा, एका हातात विडी धरून.

काल रात्री मामानं आवाज ऐकायला मागितला. फोन बॉनेटवर ठेवून रेस केली. फोन जागचा हलला नाही. तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "ब्येस झालंय." आणि थोड्या वेळानं, "ऑइल नव्वद नंबरचंच टाकलंस न्हवं?"

"मामा, तुमचा आवाज तुटतोय," मी म्हटलं.