हॅरिसच्या कबरीला लागलेला लोणा

पेनसिल्व्हेनियाच्या हॅरिसबर्गमध्ये फ्रंट स्ट्रीट आणि सस्क्वेहॅना नदी यांच्या मधल्या हिरव्या पट्ट्यात लोखंडी कुंपण घातलेली एक कबर आहे. ती जॉन हॅरिसची, म्हणजे थोरल्याची. तो मूळचा यॉर्कशायरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मूळ रहिवाशांशी कातड्यांचा आणि फरचा व्यापार करत तो या काठावर स्थिरावला. इथे नदीचं पात्र दीडेक किलोमीटर रुंद पण उथळ आहे. पलीकडे जाणाऱ्यांसाठी त्याने नावेची तर चालवली आणि या जागेला ‘हॅरिसेस फेरी’ हेच नाव पडलं. तो 1748 मध्ये वारला. शहर आखलं ते त्याच्या मुलाने, 1785 मध्ये.

याच कबरीचा दगड स्वच्छ करायला आम्ही गेलो होतो. दगड धुण्याचं काम सोपं असतं, घाई केली नाही तर. आधी नुसत्या पाण्याने दगड चिंब करायचा. कोरड्या दगडावर औषध ओतलं तर तो ते आत ओढून घेतो आणि मग ते धुऊन निघत नाही. शेवाळासारखी जैविक वाढ काढायला आम्ही डी-टू नावाचं द्रावण वापरतो. त्यात आम्ल नाही, ब्लीचही नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, नैसर्गिक केसांच्या मऊ ब्रशने खालून वर घासत जायचं आणि भरपूर पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली की घाणीचे ओघळ खालच्या कोरड्या भागात मुरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. तारेचा ब्रश मुळीच नको, कारण त्याचे कण दगडात अडकून नंतर गंजतात. अक्षरं वाचायला शेव्हिंग क्रीम फासणारे हौशी लोक तर आमच्या पोटावरच उठलेत. त्यातलं स्टिअरिक आम्ल दगडाच्या रंध्रांत बसून राहतं.

दगडफूल मात्र चिवट. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं, पण इथलं सुटता सुटत नाही. ते ओलं करून लाकडी पट्टीने हलकेच उचलायचं. डाग राहिला तर राहू द्यायचा, पुढच्या काही आठवड्यांत तो आपोआप फिकट होतो.

दुपारी बारापर्यंत दगड स्वच्छ झाला. चार वाजता, वाळत आल्यावर, तळाकडच्या वीतभर पट्टीवर पांढरी बुरशीसारखी पूड उमटली. जिभेवर ठेवायची सवय मोडलेली बरी, पण ओळखायला वेळ लागला नाही. लोणा, म्हणजे दगडातून वर फुटलेलं मीठ.

आता तो कुठून आला? जमिनीतून ओल चढली असती तर चारी बाजूंना सारखा दिसला असता. नदीचा महापूर इथे आलेला आहे, 1936 चा आणि 1972 चा ॲग्नेस वादळाचा. पण सस्क्वेहॅनाचं पाणी गोडं, त्याने गाळ राहतो, मीठ नाही. पांढरी पट्टी फक्त रस्त्याकडच्या बाजूला होती आणि त्याच बाजूच्या कुंपणाच्या खांबांचे बुंधे सर्वात जास्त गंजलेले होते. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. गाड्यांच्या चाकांखालून त्याचे शिंतोडे उडतात. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ विरघळून आत मुरतं, खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. स्फटिक रंध्रांत फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वर दिसणारी पूड धोक्याची कमी, आतली जास्त. आमच्या धुण्याने ते मीठ फक्त पृष्ठभागाकडे सरकलं होतं.

म्हणून पुन्हा धुवायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडून गोळा करायची, जमिनीवर पडू द्यायची नाही. मग पोटीस, आजी गळवाला बांधायची तसंच. कागदाचा लगदा, थोडी चिनी माती आणि डिस्टिल्ड पाणी. मुठीत दाबलं तर आकार धरेल पण पाणी गळणार नाही, इतपत घट्ट. दगडावर आधी पातळ जपानी कागद लावायचा, नाहीतर लगदा चिकटून बसतो. त्यावर एक-दीड सेंटीमीटरचा थर, पट्टीच्या कडेपलीकडे चार बोटं. हा थर उघडा ठेवून हळूहळू वाळू द्यायचा, वाळताना तो मीठ बाहेर ओढतो. लवकर प्लास्टिक झाकलं तर बाष्पीभवनच होत नाही, मीठ जागचं हलत नाही. वाळलेला थर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून त्या पाण्याची विजेची वाहकता मोजायची, मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त. आकडा खाली येईपर्यंत फेऱ्या. रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार असेल तर काम बंद.

जाणारे-येणारे तुतीचं झाड कुठे ते विचारत होते. आख्यायिका अशी : रम द्यायला नकार दिला म्हणून काही मूळ रहिवाशांनी हॅरिसला तुतीला बांधून जाळायचं ठरवलं, आणि त्याचा गुलाम हर्क्युलिस नदीपलीकडून मदत घेऊन आला. पुरावा तोकडा, कथा धट्टीकट्टी. मला त्यात खटकतं ते हे की वाचवणारा माणूस ज्याच्या मालकीचा होता त्याच्या नावाचं शहर आहे आणि त्याचं स्वतःचं नाव फक्त या गोष्टीत उरलंय.

पोटीस लावून आम्ही दगडावर ताडपत्रीचा मांडव घातला, पाऊस अडेल पण वारा खेळेल असा. पुढची फेरी आठवड्याने. कुंपणाचे खांब त्यानंतर.