रिकाम्या टाकीचे सहा आठवडे

सांगलीत आमचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. जवळच्या गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा विचारलं, "मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढतात म्हणे, मुलांना करून दाखवाल?" आमच्या अ‍ॅक्वापॉनिक्सच्या कामाची सुरुवात ती.

५०० लिटरची टाकी, वर विटांच्या तुकड्यांनी भरलेला वाफा, पाणी फिरवायला छोटा पंप. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी ४० मासे सोडले. आठवड्याभरात बाईंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा मुलं टाकीभोवती गप्प उभी होती. एका मुलीने विचारलं, "पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग मेले कसे?"

चूक माझीच होती. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात आणि तोच त्यांना विषासारखा बाधतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, तेव्हा कुठे ते पालक-मेथीचं खत होतं. या जिवाणूंची विटांवर वस्ती व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. मी त्यांना एक दिवस दिला होता.

तेव्हापासून मासे शेवटी. क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात मुलं रोज चिमूटभर खाद्य टाकतात. ते कुजून अमोनिया होतो. एक दिवसाआड टेस्ट किटने पाणी तपासायचं आणि आलेख काढायचा. अमोनियाची रेघ चढून उतरते, मागोमाग नायट्राइटची, मग नायट्रेट वाढू लागतं. डोळ्यांना न दिसणारे जीव काम करताहेत हे मुलांना त्या रेघांत दिसतं. माझ्या मते खरा धडा हाच, भाजी नंतरची. 'रिकामी टाकी पालकांना काय दाखवायची?' म्हणणाऱ्या दोन शाळांचं काम आम्ही सोडून दिलं.

बाकी गोष्टी हळूहळू शिकलो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेली की धोका. म्हणून हवेच्या पंपाला आता बॅटरी देतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत मासे आमच्याकडे आणून सांभाळतो.

त्या पहिल्या शाळेची टाकी आम्ही पैसे न घेता पुन्हा उभी केली. सहाव्या आठवड्यात त्याच मुलीने बाईंच्या फोनवरून कळवलं, "काका, अमोनिया शून्य, नायट्राइट पण शून्य." दुसऱ्या दिवशी मी गेलो. या वेळी मासे नेले फक्त १०.