घोडा आडवा झाला म्हणून घाबरू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: घोडे उभ्यानंच झोपतात, मग एखादा आडवा दिसला की तो आजारी समजायचा का? नाही. कधीच आडवा न होणाऱ्या घोड्याची खरी काळजी करावी.

उभ्यानं झोपायची मुख्य सोय मागच्या पायात आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या अंगाला एक उंचवटा असतो. गुडघ्याची वाटी वर सरकवून घोडा तिचा बंध त्या उंचवट्यावर अडकवतो. गुडघा ताठ झाला की त्याखालचा सांधाही हलत नाही, आणि मागचा भार तो एकटा पाय पेलतो. दुसरा पाय खुराच्या टोकावर ढिला असतो. काही मिनिटांनी पाळी बदलते. पुढच्या पायांत स्नायुरज्जू आणि बंधच भार तोलतात. मात्र घोडा पुढचा एक पाय पुढे काढून उभा राहत असेल तर ती विश्रांती नव्हे, बहुधा तो पाय दुखतोय.

अशी उभी झोप हलकी असते. स्वप्नं पडतात त्या झोपेत सगळे स्नायू ढिले पडतात, तिथे हा अडकाव पुरत नाही. दिवसभरात मिळून झोप तीन ते पाच तास. त्यातली ही गाढ झोप अर्धा-एक तास, तीही तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक मध्यरात्रीनंतर. तेवढ्यासाठी आडवं व्हावंच लागतं, आणि शिकारीच्या जनावराला भिऊन जगणाऱ्या प्राण्याला नेमकं तेच जड जातं. आधी पुढचे पाय पसरायचे, मग मागून रेटा देऊन उठायचं. तेवढ्या वेळात वाघरू अंगावर येतं. म्हणून कळपात काही आडवे झाले तरी निदान एक घोडा कान फिरवत उभा असतो.

तबेल्यात वाघ नसला तरी ही भीती जात नाही. एकटा ठेवलेला, नव्या ठाणावर आणलेला, ओल्या फरशीवरचा किंवा सांधे दुखणारा घोडा आडवा होत नाही. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून बांधायचे दोर, आखूड बांधली तर त्याला होताच येत नाही. मग दिवसा डुलकीत मान खाली जाते, पुढचे पाय दुमडतात आणि तो दचकून सावरतो. खुराच्या वरच्या सांध्यावर पुढून सोललेलं दिसतं. लोक याला अशक्तपणा समजून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवतात. उपयोग शून्य. बारा बाय बारा फुटांची कोरडी जागा, पेंढ्याचं जाड अंथरूण आणि नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा द्या. सांधे डॉक्टरांना दाखवा. रात्री जागून पाहायची गरज नाही. सकाळी खरारा करताना, म्हणजे अंग घासताना, शेपटीत पेंढा आणि कुशीवर लिदीचा डाग सापडला की स्वारी आडवी झाली होती.

आजारपण ओळखायचं ते असं: सारखं ऊठबस, लोळणं, वळून पोटाकडे पाहणं, घाम. हा पोटशूळ, डॉक्टरांना लगेच बोलवा.